निळ्या ‘ई’वर काढलेला राग

तेरमध्ये टायपिंग-झेरॉक्सचं दुकान चालवायचं आणि पेनड्राइव्हला नाही म्हणायचं, हे जमत नाही. शाळेचा निकाल पेनड्राइव्हवर येतो, लग्नपत्रिकेचा मजकूर पेनड्राइव्हवर येतो, चैत्रात गोरोबाकाकांच्या यात्रेला लावायची भजनं कुणीतरी पेनड्राइव्हवरच भरून मागतो. लामतुरे संग्रहालय बघायला आलेला एखादा अभ्यासक दुपारी दारात उभा राहतो, “दोन पानं प्रिंट मिळतील का?” म्हणतो आणि खिशातून तीच वस्तू काढतो. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय, की तगरहून, म्हणजे आमच्या तेरहून, माल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जायचा. माझ्या दुकानातून कोणता माल कुठं गेला याची नोंद मात्र कुणी ठेवली नाही. ठेवली असती तर गावात तोंड दाखवायची पंचाईत झाली असती.

मशीन असेंबल केलेलं होतं. त्यावर विंडोज सेव्हन, चोरीचं. ते ‘ओरिजिनल’ दिसावं म्हणून एक ॲक्टिव्हेटर चालवावा लागायचा, आणि त्याच्यासोबतच्या टेक्स्ट फाइलमध्ये पहिलीच सूचना होती: आधी अँटिव्हायरस बंद करा. मी सूचना पाळणारा माणूस. बंद केलं. विंडोजचं अपडेटही बंद केलं, कारण अपडेट आलं की चोरी पकडली जायची, पडदा काळा व्हायचा आणि कोपऱ्यात ‘ही प्रत अस्सल नाही’ असं उमटायचं. गिऱ्हाइकासमोर ते बरं दिसत नाही. म्हणजे दार सताड उघडं ठेवून, वर राखणदारालाही सुट्टी देऊन मी दुकान चालवत होतो. ही खरी चूक. बाकीच्या तिच्यातनंच निघाल्या. पण कित्येक महिने ही चूक मला चूक वाटलीच नाही. सगळ्यांच्याच दुकानात तसं होतं.

माझा राग होता इंटरनेट एक्सप्लोररवर. त्याला जुनं कारण होतं. २००७च्या सुमारास मी एमएस-सीआयटी करत होतो. त्या वेळी पेनड्राइव्हमधून एक व्हायरस फिरायचा. ‘सी’ ड्राइव्हमध्ये ‘हीप४१ए’ नावाचं लपलेलं फोल्डर करून बसायचा. ऑर्कुट उघडलं की ‘ऑर्कुटवर बंदी आहे’ म्हणून खिजवायचा, आणि फायरफॉक्स उघडलं की ते बंद करून सांगायचा, गुमान इंटरनेट एक्सप्लोरर वापर. कुण्यातरी रिकामटेकड्या पोरानं ऑटोहॉटकी नावाच्या साध्या साधनात लिहिलेली ती गंमत होती. पण माझ्या डोक्यात जे बसलं ते बसलं: व्हायरस आणि तो निळा ‘ई’ एकमेकांचे पाहुणे आहेत. एवढ्या कच्च्या पुराव्यावर मी दहा वर्षं ते मत सांभाळलं.

मे २०१७मध्ये वॉनाक्राय आलं. टीव्हीवर लाल पडदे, कुलूप लागलेल्या फाइली, बिटकॉइनमध्ये खंडणी. त्याच दिवसांत माझ्या मशीनवर वेगळंच काही चाललं होतं. ब्राउझर उघडला की गुगलऐवजी कुठलं तरी रंगीबेरंगी सर्चचं पान यायचं. सरकारी संकेतस्थळावर सातबारा काढायला जावं, तर त्या पानाच्या कडेला पोट कमी करायच्या औषधाची जाहिरात. एका काकांनी ती बघून विचारलं, “हे सरकारच इकतंय काय?” मी हसण्यावारी नेलं. मनात मात्र धसकलो, की आता आपल्याकडंही फाइलींना कुलूप लागणार.

वॉनाक्राय ब्राउझरमधून येतच नव्हतं. विंडोजच्या फाइल-शेअरिंगमधल्या एका भगदाडातून ते नेटवर्कवर एका मशीनमधून दुसऱ्यात उड्या मारायचं, आणि ते भगदाड बुजवणारं अपडेट मार्चमध्येच आलं होतं. म्हणजे मी बंद करून ठेवलेलं तेच अपडेट. बातमीत हे सांगत होते. मी ऐकलं फक्त ‘व्हायरस’ आणि गेलो निळ्या ‘ई’च्या मागे.

काढायची रीत सोपी होती. कंट्रोल पॅनेल, प्रोग्रॅम्स, तिथं डाव्या हाताला ‘विंडोज फीचर्स चालू-बंद करा’. एक यादी उघडते, पिवळट फोल्डरांच्या पुढं चौकोन. इंटरनेट एक्सप्लोरर ११ समोरची टिक काढली. विंडोजनं इशारा दिला, की यामुळं इतर फीचर्सवर आणि प्रोग्रॅमवर परिणाम होऊ शकतो. इशारा न वाचता ‘येस’ दाबायची सवय आपल्या सगळ्यांच्या बोटांना आहे. मशीन रीस्टार्ट झालं, टास्कबारवरचा निळा ‘ई’ गेला. मला इतकं बरं वाटलं की मी शेजारच्या टपरीवरून चहा मागवला.

चहा संपायच्या आत क्रोममध्ये तेच रंगीबेरंगी पान उघडलं.

इथं थांबायला पाहिजे होतं. मी उलट जोर लावला. एक व्हिडिओ सापडला, त्यात एक गडी धडाधडा इंटरनेट एक्सप्लोररचं अख्खं फोल्डर उडवत होता. ते फोल्डर विंडोज सहजासहजी उडवू देत नाही. मालकी ‘ट्रस्टेडइन्स्टॉलर’ नावाच्या खात्याकडं असते. ती आधी आपल्या नावावर करून घ्यायची, मग परवानग्या बदलायच्या, मग डिलीट. मी सातबारावर नाव चढवल्याच्या थाटात मालकी माझ्या नावावर केली आणि फोल्डर साफ केलं. दुसऱ्या दिवसापासून मशीनला एक वेड लागलं. कुठलंही फोल्डर उघडलं की नवी खिडकी. त्यातलं फोल्डर उघडलं की आणखी एक. एका गिऱ्हाइकाचा बायोडेटा शोधेपर्यंत पडद्यावर खिडक्यांची चळत. त्या फोल्डरमध्ये ‘आयईप्रॉक्सी’ नावाची एक बारकी फाइल असते आणि विंडोजच्या खिडक्यांनाही ती लागते, हे मला कसं ठाऊक असणार?

नंतर वाचलं तेव्हा कळलं, की ह्याच भानगडीवर अमेरिकेत मोठा खटला झाला होता. डिसेंबर १९९७मध्ये तिथल्या जॅक्सन नावाच्या न्यायाधीशांनी मायक्रोसॉफ्टला सांगितलं, की विंडोज ९५ ब्राउझरशिवायही द्या. कंपनी म्हणाली, त्याच्या फाइली काढल्या तर विंडोज चालणारच नाही. न्यायाधीशांनी ते काढायला लावून बघितलं, तर दीड मिनिटाच्या आत निघालं. मशीन चालू. मग १९९८मध्ये सरकारनं आणि अनेक राज्यांनी मिळून मोठा दावा लावला. प्रिन्स्टनचे प्राध्यापक एडवर्ड फेल्टन यांनी विंडोज ९८मधून ब्राउझर काढून टाकणारा प्रोग्रॅम लिहिला, आणि कंपनीनं त्यावर व्हिडिओ दाखवून हरकत घेतली. तो व्हिडिओच कोर्टात उलटा पडला. २०००मध्ये कंपनीचे दोन तुकडे करण्याचा आदेश झाला, पुढच्या वर्षी अपिलात तो फिरला. मला वाटतं दोन्ही बाजूंचं थोडंथोडं खरं होतं. दर्शनी प्रोग्रॅम निघतो. पण पान रंगवून दाखवणारं इंजिन, एमएसएचटीएमएल नावाची फाइल, आणि इंटरनेटशी बोलणाऱ्या तिच्या सोबतिणी तिथंच राहतात, कारण दुसरे पन्नास प्रोग्रॅम त्यांच्यावर जगतात. यादीतली टिक काढून मी आयकॉन घालवला, एवढंच. आणि फोल्डर उडवून जे केलं त्याला काढणं म्हणत नाहीत.

जूनमध्ये आमच्याच आळीतले एक ठेकेदार आले. मी त्यांना दादा म्हणतो. पाणंद रस्त्याच्या मुरुमीकरणाचं टेंडर भरायचं होतं, शेवटचा दिवस होता, हातात डिजिटल सहीचं टोकन. ती सही जावा ॲपलेटवर चालायची. क्रोमनं जावा प्लगइन २०१५मध्येच बंद केलं होतं, फायरफॉक्सच्या नेहमीच्या आवृत्तीनं नुकतंच मार्च २०१७मध्ये. राहता राहिला एकच.

“लावा की टोकन,” दादा म्हणाले.

“दादा, एक्सप्लोरर काढलंय मी.”

“काढलंय म्हंजे? कशाला काढलं?”

“व्हायरस होता.”

“मग आता?”

टिक परत मारली, रीस्टार्ट केलं. जे हातानं उडवलं होतं ते काही धड परत आलं नाही. दादा टोकन खिशात घालून मोटरसायकलवर धाराशिवकडं गेले. मुदत टळली. मला ते एका शब्दानं बोलले नाहीत. त्यानंतर टेंडर भरायला माझ्याकडं आलेही नाहीत.

जुलैच्या अखेरीस कर्जमाफीचे ऑनलाइन अर्ज सुरू झाले आणि त्याच वेळी पीकविम्याची मुदत. नवरा-बायको दोघांची आधार कार्डं, बँकेचं पासबुक घेऊन लोक सकाळी सातपासून ओट्यावर बसायचे. त्या गर्दीच्या दिवसांत एका रात्री मी शहाणपणा करून एक फुकटचा ‘क्लीनर’ चालवला. त्यानं काहीतरी पकडून उडवलं, हिरवी टिक दाखवली. सकाळी इंटरनेट ठप्प. क्रोम सांगत होता, प्रॉक्सी सर्व्हरशी जोडता येत नाही. प्रॉक्सी म्हणजे काय हे मला परीक्षेपुरतं ठाऊक होतं. मी ठरवलं लाइन गेली. लाइनमनला फोन केला, तो बिचारा खांबावर चढला, उतरला, म्हणाला लाइन चालू आहे. मी लोकांसमोर त्याच्यावर आवाज चढवला. “सरकारी काम,” असंही म्हणालो. ओट्यावरच्या लोकांनी माझीच बाजू घेतली, कारण सरकारी कामाबद्दल आपल्याकडं दुसरं मत नसतं.

संध्याकाळी सीपीयू पोत्यात गुंडाळून एसटीनं धाराशिवला नेला. तिथले एक हार्डवेअरवाले माझ्या ओळखीचे, वयानं मोठे, कमी बोलणारे. त्यांनी आधी अँटिव्हायरसचा आयकॉन शोधला.

“हे कुणी बंद केलं?”

“मीच.”

“का?”

“ॲक्टिव्हेटर चालत नव्हता.”

त्यांनी चष्मा वर केला. “गोरोबाकाकांच्या गावचे ना तुम्ही? थापटणं मारून कच्चं मडकं कुठलं ते आधी बघतात. तुम्ही भट्टीच फोडून आलात.”

मग त्यांनी एकेक दाखवलं. क्रोमच्या आयकॉनवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, ‘टार्गेट’चा रकाना. कर्सर सरकवत शेवटाला नेला. क्रोमच्या नावापुढं, एक जागा सोडून, त्या रंगीबेरंगी पानाचा पत्ता चिकटवलेला. मी रोज ज्याच्यावर दोनदा टिचकी मारत होतो तो क्रोम नव्हताच नुसता. क्रोम अधिक तो पत्ता असा होता. क्रोम काढून परत टाकला असता, तरी जुना आयकॉन राहिला असता तर तेच झालं असतं. पुढं टास्क शेड्युलर. त्यात एक काम लावून ठेवलेलं, नाव असं साळसूद की विंडोजचंच वाटावं: दर वेळी मशीन चालू झालं की तो प्रोग्रॅम पुन्हा उतरवून घे. मी उडवायचो, तो परत यायचा, आणि मला वाटायचं एक्सप्लोरर त्याला आणतोय.

आणि प्रॉक्सी. ‘रन’मध्ये त्यांनी ‘आयनेटसीपीएल’ असं टाइप केलं, आणि इंटरनेट एक्सप्लोररच्याच सेटिंगची खिडकी उघडली. मी काढलेल्या ब्राउझरची खिडकी, धडधाकट. कनेक्शन्स, लॅन सेटिंग्ज. प्रॉक्सीसमोर टिक, पत्ता १२७.०.०.१.

“हा कुणाचा पत्ता?”

मी गप्प.

“ह्याच मशीनचा. स्वतःचाच. तुमचं सगळं इंटरनेट आधी ह्या मशीनमधल्याच एका प्रोग्रॅमकडं जायचं, तो त्यात जाहिराती घुसडायचा, मग तुम्हाला द्यायचा. काल तुम्ही तो मारला. पत्ता राहिला.”

क्रोमसुद्धा प्रॉक्सी विंडोजच्या त्याच खिडकीतून घेतो. टिक काढली, इंटरनेट सुरू. लाइनमनला फोन करावा असं मनात आलं होतं. केला नाही.

ह्या मशीनवर काय काय उघडता, हे त्यांनी विचारल्यावर मी सांगत गेलो, आणि सांगतासांगताच आवाज बारीक झाला. जो प्रोग्रॅम माझ्या आणि इंटरनेटच्या मध्ये बसून जाहिराती घालू शकतो, त्याला आणखी काय दिसत असेल? ब्राउझरनं ‘पासवर्ड लक्षात ठेवू का’ विचारलं की मी हो म्हणायचो. सेवा केंद्राचं लॉगिन, माझी बँक, आणि गावातल्या ज्यांना स्वतःला जमत नाही अशा कितीतरी जणांचे ईमेल, पीएफ, परीक्षांचे फॉर्म. डेस्कटॉपवर ‘आधार’ नावाचं फोल्डर, त्यात स्कॅन केलेली कार्डं. कुणाच्या खात्यातून काही गेल्याचं माझ्या कानावर आलेलं नाही. पण कानावर आलं नाही एवढंच मी म्हणू शकतो.

ते म्हणाले, फॉरमॅट मारा, खरं विंडोज घ्या. मी खरं विंडोज घेतलं, पैसे हप्त्यानं दिले. फॉरमॅट मारायच्या आधी सगळा डेटा पेनड्राइव्हवर काढला. दुकानातल्याच पेनड्राइव्हवर. नवं कोरं मशीन, पहिलाच पेनड्राइव्ह लावला, आणि फोल्डरांच्या जागी शॉर्टकट. खाली कोपऱ्यात बारका बाण असलेले.

ह्या शॉर्टकट व्हायरसशी माझी जुनी ओळख होती, आणि लाज वाटावी अशी होती. तो तुमची खरी फोल्डरं ‘हिडन’ आणि ‘सिस्टिम’ करून लपवतो आणि त्याच नावाचे शॉर्टकट मांडतो. शॉर्टकट उघडला की आधी व्हायरस चालतो, मग फोल्डर उघडतं, त्यामुळं माणसाला काहीच वेगळं जाणवत नाही. काळ्या खिडकीत ‘ॲट्रिब’ची एक ओळ टाइप केली, उणे एच, उणे आर, उणे एस, की लपलेली फोल्डरं जादू केल्यासारखी परत दिसू लागतात. ही जादू मी गावात विकत होतो. पेनड्राइव्ह साफ करायचे वीस रुपये. लोक खूश होऊन जायचे. फोल्डरं दिसायची खरी, पण व्हायरस माझ्या मशीनमध्येच बसलेला. ज्या पेनड्राइव्हला मी हात लावायचो त्यात तो परत शिरायचा, आणि आठवड्यानं तोच माणूस तोच पेनड्राइव्ह घेऊन यायचा. मी म्हणायचो, “बाहेर कुठंतरी लावला असाल.” शाळेच्या ऑफिसात, फोटो स्टुडिओत, पतसंस्थेत जे काही पोचलं ते बऱ्यापैकी माझ्या दुकानातून पोचलं असणार. वीस रुपये घेऊन.

दुसऱ्यांदा फॉरमॅट करताना मात्र डोकं ठिकाणावर होतं. डेटा आधी दुसरीकडं तपासून घेतला. त्याच साली फेब्रुवारीत केंद्र सरकारनं सायबर स्वच्छता केंद्र सुरू केलं होतं, तिथं क्विक हीलचं फुकट साधन मिळायचं. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणाऱ्या कैलाश काटकरांनी धाकटे भाऊ संजय यांच्यासोबत उभी केलेली ही कंपनी, एवढ्या जवळची, आणि मी तिचं नाव फक्त ‘बंद करा’ ह्या सूचनेसाठी वापरलेलं.

पासवर्ड बदलून घ्या, असं ज्यांना सांगायला पाहिजे होतं त्यांची यादी केली. बहुतेकांना सांगितलं. एका निवृत्त गुरुजींना फोन केला, ज्यांची पेन्शन, मेल, मुलाच्या पैशांचे निरोप, सगळं माझ्याच मशीनवर चालायचं.

“का रे, काय झालं?” त्यांनी विचारलं.

“काही नाही गुरुजी, कंपनीनंच सांगितलंय सगळ्यांना बदलायला.”

“बरं. तूच बदलून टाक की मग.”

बदलला. नवा पासवर्डही त्यांनी मलाच लिहून ठेवायला लावला. खरं कारण मी त्यांना अजून सांगितलेलं नाही, आणि आता ते विचारणारही नाहीत.

इंटरनेट एक्सप्लोरर पुढं कंपनीनंच मोडीत काढला. १५ जून २०२२ला आधार संपला, फेब्रुवारी २०२३मध्ये विंडोज टेनमधला उरलासुरला बंद केला. इंजिन मात्र अजून आहे. कंपनीच्या नव्या ब्राउझरमध्ये, एजमध्ये, ‘आयई मोड’ म्हणून ते किमान २०२९पर्यंत ठेवणार आहेत, कारण जुनी कामं त्याच्यावाचून अडतात. एज काढू का, असंही मला कुणी कुणी विचारतं. युरोपात नव्या कायद्यामुळं २०२४पासून तो सरळ काढता येतो. इथं मी त्याला हात लावत नाही. तो काही वाकडं करत नाही. जुन्या टेंडरच्या कामाला तोच लागतो. दादा परत येतील म्हणून नव्हे.

पेनड्राइव्हही आता फारसे येत नाहीत, सगळं व्हॉट्सॲपवर येतं. गेल्या हंगामात एक मामा आले, सोयाबीन विकलेले पैसे खात्यातून गेलेले. फोन माझ्यापुढं ठेवत म्हणाले, “ह्यातलं गुगल क्रोम आधी काढून टाक. त्याच्यातनंच गेलं.” फोन बघितला. गाडीच्या दंडाची पावती म्हणून व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल त्यांनी उघडली होती, तिनं एसएमएस वाचायची परवानगी घेतली होती, आणि बँकेचे ओटीपी परस्पर दुसरीकडं जात होते. फोनचं इंटरनेट बंद केलं, ते ॲप उडवलं, १९३० लावून तक्रार नोंदवली, बँकेला खातं गोठवायला सांगितलं. पासवर्ड त्यांच्या सुनेच्या फोनवरून बदलला.

“आन् क्रोम?”

“मामा, क्रोमचा काही दोष नाही.”

“नगं बाबा. काढच तू.”

अँड्रॉइडवर क्रोम पुरता निघत नाही, फार तर डिसेबल होतो, आणि उद्या त्यांना विम्याचं पान उघडायला तोच लागणार होता. मी आयकॉन होम स्क्रीनवरून नुसता हटवला. मामांनी पडदा जवळ धरून नीट बघितला, समाधानानं मान हलवली आणि बँकेकडं निघाले.